डॉनर समिटच्या बर्फात वापरलेल्या केबल चेन

बर्फात गाडी घसरू नये म्हणून टायरवर चढवायच्या केबल चेन (जाड साखळीऐवजी बारीक तारेच्या) आम्ही कॅलिफोर्नियातल्या डॉनर समिट या घाटात वापरल्या. पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा चेन ताणून धरणाऱ्या रबराचा, त्याबद्दल पुढे लिहिते.

आमची साधी फ्रंट-व्हील ड्राइव्ह सेडान. टायर आणि मडगार्डमध्ये जागा कमी, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत जाड साखळ्या लावू नका, केबलच्याच लावा असं लिहिलंय. टायरवरचा आकडा (२१५/५५ आर १७) जुळवून हा जोड घेतला. पहिल्यांदा गॅरेजमध्ये बसवायला ३५ मिनिटं लागली, दुसऱ्यांदा १२. ही तालीम केली हे फार बरं झालं.

घाटापलीकडच्या ट्रकी गावाला जाताना खालच्या कोल्फॅक्स गावापर्यंत नुसता पाऊस होता. वर चढलो तसे मोठमोठे पुंजके पडायला लागले, वायपरवर बर्फाचे गोळे धरले आणि पुढे चेनच्या सक्तीची 'आर-२' पाटी दिसली. आर-२ म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह आणि चारही चाकांना स्नो टायर असतील तरच सूट, तीही चेन गाडीत असेल तर. बाकी सगळ्यांनी चेन लावायचीच. आर-३मध्ये कुणालाच सूट नाही, पण बहुधा त्याआधीच हा रस्ता, म्हणजे हायवे ८०, बंद करतात. कडेला पैसे घेऊन चेन बसवून देणारी माणसं असतात, मात्र चेन विकायची त्यांना परवानगी नाही, तेव्हा ती आपल्याजवळच हवी.

नवऱ्याने टॉर्च धरला, मी बसवल्या. टायरच्या मागचा हुक दिसत नाही, बोटांनी चाचपून अडकवावा लागतो. लोकरीचे हातमोजे दोन मिनिटांत भिजले आणि बोटं बधिर झाली. रबराचा थर असलेले मोजे घ्या. सूचनांच्या कागदाचा तर लगदा झाला, त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. वीस मिनिटांत काम झालं. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबलो, तेव्हा दोन्ही केबल सैल झालेल्या होत्या. परत ताणून घेतल्या.

त्यानंतर मात्र चेननी मन जिंकलं. पंचवीस-तीस मैलांच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, खडखड आवाज येतो, पण जवळजवळ ७,२०० फुटांच्या समिटपर्यंत चाक एकदाही जागच्या जागी फिरलं नाही. उतारावर जपा. चेन फक्त पुढच्या चाकांना, त्यामुळे जोरात ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग घसरू शकतो. मागे बसलेली आई "हळू गं, हळू" म्हणत होती, आणि तिचं बरोबरच होतं.

तक्रार एकच: ताण देणारा एक रबर दुसऱ्याच दिवशी तुटला. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूबरोबर जादा रबर द्यायलाच हवा होता.

आणि मोठ्या हिमवादळाचा इशारा असेल तर चेनच्या भरवशावर निघू नका. मार्च २०२४च्या वादळात हाच हायवे बंद झाला होता, तेव्हा आम्ही जाणं रद्द केलं होतं. या वर्षीसाठी दोन जादा रबर आणि एक छोटं फावडं डिकीत टाकलंय.