पानगळीतली शहरफेरी की आठवणींची कार्यशाळा?

पानगळ सुरू झाली की अनेक शहरांत दोन प्रकारचे उपक्रम सुरू होतात. एक, रमतगमत, आजूबाजूचं बघत केलेली पायी फेरी. दुसरा, खोलीत बसून निरीक्षण आणि आठवणींवर लिहिण्याची, चित्रं काढण्याची कार्यशाळा. ‘नीट बघायला शिका’ असं दोन्हीकडे सांगतात, पण हाती लागतं ते वेगवेगळं.

माझं मत आधीच सांगते: एकच जमणार असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर फेरी निवडा. कार्यशाळा हिवाळ्यातही होईल, पानं तोवर थांबणार नाहीत. दिवस लहान होतात तसं पानातलं हरितद्रव्य संपत जातं आणि आधीपासूनच आत असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. सूर्य कललेला असल्यामुळे उन्हाळ्यात सपाट वाटणाऱ्या भिंतीवर विटांचे सांधे, जुन्या पाटीच्या अक्षरांचे खळगे उठून दिसतात. ओली पानं उचलली तरी फुटपाथवर त्यांचे तपकिरी ठसे राहतात.

हॉर्स चेस्टनट या झाडाची एखादी फांदी हाताशी आली तर जरूर थांबा. पान गळालं तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराचा व्रण असतो आणि त्यात खिळ्यांसारखे ठिपके. पानाला पाणी पुरवणाऱ्या नलिका तिथे तुटलेल्या असतात. व्रणाच्या अगदी वर पुढच्या वसंताची चिकट कळी तयार असते. वर्गात बसून हे कोणी कितीही छान सांगितलं तरी बोटाला तो चिकटपणा लागत नाही.

फेरी फसते ती मार्गदर्शक अखंड बोलत राहिला की. इमारतींचा इतिहास ऐकायला मला मनापासून आवडतं, पण त्या फेरीत डोळ्यांपेक्षा कानच जास्त कामाला लागतात. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारा: किती अंतर चालायचं, कुठे किती वेळ थांबायचं, गप्प राहायला वेळ आहे का? कमी अंतर आणि जास्त थांबे असतील तर उत्तम. गुडघ्यांचा त्रास असेल तर ओल्या पानांवरून पाय घसरतो, हेही ध्यानात घ्या.

फेरीची खरी उणीव आठवणीची आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांतच सर्वाधिक असतो. फोटो काढले म्हणजे झालं, असंही नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या अभ्यासात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचा अख्खा फोटो काढला त्या वस्तू लोकांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर झूम केल्यावर मात्र तसं झालं नाही.

इथे कार्यशाळा भारी पडते. तिथे तुम्हाला आठवून काढायला लावतात: रोज चढता तो जिना, घराच्या दाराची कडी. हात अडखळतो आणि आपण काय बघितलंच नव्हतं ते कळतं. चित्र बरं येणं गरजेचं नाही. 2016 च्या एका संशोधनात, ज्या शब्दांचं चित्र काढलं ते नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहिले, आणि त्यासाठी चित्रकला चांगली असावी लागली नाही. बघणं तुम्हाला जमतं, पण आठवड्याभरात सगळं पुसलं जातं, असं असेल तर फेरी सोडून थेट कार्यशाळेत जा.

तिथे एक गोष्ट पारखून घ्या: आधी लिहायचं आणि मग बोलायचं, असा क्रम आहे का? दुसऱ्याची आठवण आधी ऐकली की आपली तिच्या रंगात मिसळते. शिवाय आठवणी काढताना गेलेली माणसंही समोर येतात. लिहिलेलं वाचून न दाखवण्याची मोकळीक नसेल, तर त्या कार्यशाळेला मी कोणालाच पाठवणार नाही.

दोन्ही जमत असेल तर आधी फेरी आणि त्याच दिवशी कार्यशाळा. चालल्यावर कल्पना जास्त सुचतात आणि बसल्यावरही तो परिणाम थोडा वेळ टिकतो, असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2014 च्या प्रयोगांत दिसलं आहे. नुसतीच फेरी केलीत, तर घरी येऊन झोपण्याआधी, फोन न उघडता, एका थांब्याचं चित्र आठवून काढा.