आतून लावलेला लेप आणि मागून येणारे पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात उतारावर बांधलेल्या आमच्या घराच्या वरच्या भिंती चिऱ्याच्या आहेत. मात्र खालच्या खोलीची मागची भिंत, जिच्यामागे साडेचार फूट मातीचा भराव आहे, ती काँक्रीटची आहे. त्या खोलीत माझी आई राहते. तिसऱ्या पावसाळ्यात त्या भिंतीच्या पायथ्याशी पांढरा खार फुटला, रंगाचे पोपडे निघू लागले आणि आईच्या कपाटातल्या लुगड्यांना कुबट वास येऊ लागला.

वॉटरप्रूफिंगचे काम करणाऱ्या एका एजन्सीला आम्ही बोलावले. त्यांच्या माणसाने दोन सुयांचे यंत्र भिंतीला टेकवले, त्यावरचा आकडा आईला दाखवला आणि भिंत आतून सडत चालल्याचे सांगितले. अशी यंत्रे विजेच्या वहनावरून ओल मोजतात, त्यामुळे खार असलेल्या भिंतीवर प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा आकडा येऊ शकतो, हे मला फार उशिरा समजले. त्यांनी फूट-फूट अंतरावर भोके पाडली, त्यांत दुधासारखे द्रावण भरले, वरून राखाडी लेपाचे दोन हात दिले आणि दहा वर्षांच्या हमीपत्रासह ६८ हजार रुपये रोख घेतले. काम फेब्रुवारीत झाले. मे अखेरपर्यंत भिंत कोरडी राहिली, पण त्या दिवसांत ती एरवीही कोरडीच असते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लेपाला तळहाताएवढे फुगे आले. एक फुगा मी नखाने फोडला, तेव्हा आतून गढूळ पाण्याची धार माझ्या मनगटावरून खाली आली. एजन्सीचा फोन बंद होता, हमीपत्रावर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता आणि बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘बाहेरील पाण्याच्या दाबामुळे येणारी ओल वगळून.’ आमच्या भिंतीला तर तेवढाच एक आजार होता. भरावात मीटरभर पाणी साचले तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब पडतो, आणि आतून चिकटवलेल्या साध्या लेपाला तो दाब मागून सोलून काढतो.

नंतर ओळखीच्या एका अभियंत्याने प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांनी पट्टी लावून भिंतीवर बसवला. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या भिंतीकडील बाजूला थेंब होते, म्हणजे पाणी खोलीतल्या हवेतून नव्हे, भिंतीतूनच येत होते. पावसाळा संपल्यावर त्यांनी मागे चर खणायला लावला, आणि मूळ फसवणूक तिथे उघडी पडली. घर बांधणाऱ्या ठेकेदाराने बिलात ‘बाहेरून डांबराचे दोन हात, मागे डबराचा भराव आणि निचऱ्याचा पाइप’ असे लिहून पैसे घेतले होते. प्रत्यक्षात नुसत्या काँक्रीटला चिकण माती टेकलेली होती; तिच्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्याच्या, फळ्यांचे तुकडे पुरलेले होते. डांबराचा एक थेंबही नव्हता. खालच्या दोन फुटांत खडी उघडी पडून पोकळ्या राहिल्या होत्या, आणि एका ठिकाणी गंजलेली सळई पृष्ठभागापासून जेमतेम बोटाच्या पेराएवढी आत होती. काँक्रीट बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे जमिनीत गाडलेल्या काँक्रीटला क्षार नसलेल्या मातीतही सळईवर किमान ३० मिलिमीटरचे आवरण लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो, म्हणून मला ओलीपेक्षा त्या सळईची भीती अधिक वाटली.

शटरिंग निघाले त्याच संध्याकाळी ठेकेदाराने ‘पाऊस तोंडावर आहे’ म्हणून माती ओढून घेतली होती, आणि आम्ही त्याच्या तत्परतेचे कौतुक केले होते. ज्यांच्या घराची अशी भिंत आज उघडी आहे, त्यांनी माती टाकण्यापूर्वी स्वतः उभे राहून लेप, डबर आणि पाइप पाहावेत, मोजपट्टी धरून तारखेसह फोटो काढावेत आणि तोवर त्या कामाचा हप्ता देऊ नये. ओल काढून देणाऱ्याने पाणी कुठून येते हे न शोधता थेट दर सांगितला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी दोनच वर्षांची मुदत असते. एजन्सीविरुद्धची आमची तक्रार मुदतीत दाखल झाली आहे.

सळई घासून, पोकळ्या भरून, बाहेरून लेप, डबर आणि छिद्रांचा पाइप घालायला आम्हाला आणखी १ लाख ९० हजार रुपये लागले. या जुलैत त्या पाइपच्या तोंडातून मनगटाएवढी धार परसात पडत होती. आईची खाट आता पुन्हा त्या भिंतीला लागून आहे.