कलरिंग कीट घेताय? आधी पुस्तक वजनकाट्यावर ठेवा

मोबाइलवर जाहिरात येते: ‘मोठ्यांसाठी कलरिंग कीट. १०० मंडला चित्रं, १५० जीएसएम आर्ट पेपर, १२० ऑइल-बेस्ड पेन्सिली, २४ अल्कोहोल मार्कर, ४८ जेल पेन, शिवाय वॉटर ब्रश. छापील किंमत ४,९९९, आज फक्त १,७९९.’ मंडला म्हणजे मधल्या बिंदूभोवती काढलेली गोल नक्षी. पुण्यात कोथरूडच्या एका निवृत्त बाईंनी हे कीट मागवलं, दारात पैसे दिले, आणि खोकं उघडून मोजदाद केली तेव्हा जवळपास एकही दावा खरा निघाला नाही. जेल पेनं तेवढी मोजून ४८ होती. त्यांचंही पुढे येईलच.

नाव आणि खोक्यावरचा मोर बदलून असले संच सर्रास विकले जातात. म्हणून या एका खोक्यातली एकेक वस्तू बाहेर काढून पाहू, म्हणजे लबाडी नेमकी कुठे दडवतात ते कळेल.

सुरुवात पुस्तकापासून, कारण सगळ्यात मोठा घोळ कागदात असतो आणि तोच सगळ्यात उशिरा लक्षात येतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून साधारण एक चौरस मीटर होतो. त्यामुळे ए-फोरच्या एका पानाचं वजन गुणिले १६ केलं की जीएसएम निघतो. १५० जीएसएमचं पान ९.४ ग्रॅमच्या आसपास भरतं; झेरॉक्सला वापरतात ते ७५ जीएसएमचं पान ४.७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एका पानाचं वजन भरवशाचं येत नाही, तेव्हा पुस्तकच्या पुस्तक ठेवायचं. या पुस्तकात ५० पानं होती. १५० जीएसएम खरा असता तर कव्हरसकट वजन ५०० ग्रॅमच्या घरात जायला हवं होतं. काटा २६५ वर थांबला. कव्हरचे तीसेक ग्रॅम वजा करा, ५० ने भागा, १६ ने गुणा: ७५. दीडशेचा कागद म्हणून अर्ध्या वजनाचा झेरॉक्स पेपर गळ्यात मारला होता.

पुस्तक ए-फोर नसेल तर एका पानाच्या वजनाला १०,००० ने गुणून पानाच्या सेंटिमीटरमधल्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचं. आणि हे गणित पैसे देण्यापूर्वीही करता येतं. ऑनलाइन विक्रीच्या पानावर बहुतेक वेळा वस्तूचं वजन, आकार आणि पानांची संख्या लिहिलेली असते. त्यात पॅकिंगचं वजन धरूनही आकडा कमी पडत असेल, तर पुढे जायची गरज नाही. विक्रेत्याला ‘नुसत्या पुस्तकाचं वजन किती?’ एवढंच विचारा. ज्याच्याकडे खरा माल आहे तो सांगतो. बाकीचे हृदयाची इमोजी पाठवतात.

७५ जीएसएमचा गुळगुळीत मॅपलिथो (लेप न दिलेला साधा) कागद रंगीत पेन्सिलीचे दोन-तीन थर घेतो. त्यानंतर पृष्ठभाग चमकायला लागतो आणि पेन्सिल नुसती घसरते, कारण रंग अडकायला कागदाला खरखरीतपणा उरलेला नसतो. मार्कर लावला तर शाई सरळ आरपार. पाणी लावलं तर तंतू फुगतात, वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाहीत, आणि पान लाटेसारखं वर येतं; ब्रश दोनदा फिरवला की भुसकट सुटतं. आता या कीटमध्ये पेन्सिली, मार्कर आणि वॉटर ब्रश अशी तिन्ही आहेत. म्हणजे ज्या कागदावर यातलं एकही नीट चालत नाही, त्याच्याबरोबर ती दिली आहेत. कीट नावाच्या प्रकाराबद्दल मुळात आक्षेप आहे तो इथेच. आधी पुस्तक घ्यायचं, मग त्याच्या कागदाला झेपतील ते रंग. कीटमध्ये हा क्रम जुळवणारं कुणीच नसतं.

‘आर्ट पेपर’ हा दावा खरा असता तरी नुकसानच होतं. सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या कुठल्याही छापखान्यात आर्ट पेपर मागा, तुमच्या हातात मासिकाच्या कव्हरसारखा लेप दिलेला चकचकीत कागद पडेल. त्यावर छपाई सुंदर उठते, पेन्सिल मात्र धरत नाही आणि जेल पेनची शाई बराच वेळ ओली राहून तळहाताला लागते. पेन्सिलीसाठी मागायचा तो कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जरा खरखरीत कागद, १२० ते १५० जीएसएम. अगदी कमीत कमी १०० चा बॉन्ड. पाण्याचे रंग किंवा पाण्यात विरघळणाऱ्या पेन्सिली मोकळेपणाने वापरायच्या असतील तर ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर, त्याखाली नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हाताने कागद बनतो आणि जाड कागद तिथे बघायला मिळतो, पण हातकागदाचा ताव पोत बघून निवडावा लागतो. फार खडबडीत तावावर बारीक मंडला रंगवणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार.

चित्रांची गोष्ट थोडक्यात. पन्नास पानांवर पाठपोट छापून शंभर चित्रं केली होती, त्यातली ३८ आरशात उलटी करून पुन्हा छापलेली. खिडकीशी धरून एक पान उलटं करून दुसऱ्यावर ठेवलं की रेघेवर रेघ बसते. बरीच चित्रं कुणाच्या तरी पुस्तकातून स्कॅन केलेली असावीत: रेषा मध्येच तुटलेल्या, कडांना पायऱ्या पडलेल्या, पांढऱ्या भागात राखाडी धूळ. काही कॉम्प्युटरने बनवून घेतलेली. मोराला तीन पाय आणि पाकळ्यांच्या रेषा कुठेच बंद न होणाऱ्या. रेष बंद नसली की रंग कुठे थांबवायचा तेच कळत नाही. बांधणी गोंदाची होती, त्यामुळे चित्राचा आतला दीड-दोन सेंटिमीटर भाग खाचेत गेला. पुस्तक दाबून सपाट केलं की पानं निखळतात. चांगल्या पुस्तकात चित्र एकाच बाजूला असतं, आणि वायरो (तारेच्या कड्यांची) बांधणी किंवा फाडून घ्यायला भोकांची ओळ असते. दुकानात घेताना अगदी मधलं पान उघडून बघा. पहिलं पान सगळ्यांचंच छान असतं.

आता पेन्सिली. १२० पेन्सिली होत्या, १२० क्रमांक होते, रंग मात्र १२० नव्हते. एका कागदावर दीड सेंटिमीटरचे चौकोन आखून प्रत्येक क्रमांक भरला की लबाडी पानभर दिसते: ओळीने तीन चौकोन एकाच तपकिरीचे, दोन ‘वेगळे’ निळे शेजारी ठेवले तर सांगता न येणारे. पेन्सिलीच्या बुडाला लावलेला रंग आणि आतल्या शिशाचा रंग यांचा कित्येकदा संबंधच नव्हता. बुडाचा रंग बघून निवड करणाऱ्याचं चित्र त्यामुळेच बिघडतं आणि तो स्वतःच्या हाताला दोष देतो.

पेन्सिल उभी धरून तिचं न तासलेलं टोक डोळ्यासमोर आणा. शिसं लाकडाच्या बरोब्बर मधोमध हवं. या संचातल्या बऱ्याच पेन्सिलींत ते एका कडेला सरकलेलं होतं, एका बाजूला लाकूड केसाएवढं पातळ. अशा पेन्सिलीला टोक केलं की एका अंगाने लाकूड शिशाला चिकटून वर येतं, दुसऱ्या अंगाने शिसं उघडं पडतं, आणि जरा जोर दिला की तुकडा पडतो. पुन्हा टोक करा, पुन्हा पडतो. शिसं आतून आधीच तडकलेलं असेल तरी हेच होतं. पेन्सिल फरशीवर पडली की ते तडकतं, म्हणून कुरियरने येणारा संच पत्र्याच्या डब्यात आणि प्रत्येक पेन्सिल खाचेत बसवलेली असावी. इथे प्लॅस्टिकच्या पिशवीत जुडी बांधून पाठवल्या होत्या. शार्पनर मात्र, नवल म्हणजे, चांगला निघाला.

‘ऑइल-बेस्ड’ हा शब्द हल्ली कुठल्याही पेन्सिलीवर चिकटवतात. तेलाच्या पेन्सिलीतही थोडं मेण असतंच, पण ती कडक असते, टोक टिकतं आणि दाट थर दिल्यावर पांढरी साय धरत नाही. मेणाचं प्रमाण जास्त असलेल्या पेन्सिलीने गडद भाग दाबून भरला की काही दिवसांनी त्यावर धुरकट पांढरट थर येतो. तो दोष नाही, मेणाचा स्वभाव आहे. मऊ कापडाने हलकं पुसलं की जातो. फसवणूक एवढीच, की मेणाची पेन्सिल तेलाची म्हणून विकली.

खोक्यावर ‘एएसटीएम डी-४२३६ प्रमाणित’ असंही ठळक छापलं होतं. एएसटीएम ही मानकं ठरवणारी संस्था; तिचं हे मानक आरोग्याला असलेल्या दीर्घकालीन धोक्यांची सूचना लेबलवर देण्याबद्दलचं आहे. रंग टिकतो की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. रंगीत पेन्सिलींच्या टिकाऊपणाचं मानक वेगळं, डी-६९०१. रंग उडतो का हे घरीच तपासता येतं. चौकोनांच्या तक्त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि पुण्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला महिनाभर चिकटवून ठेवा. स्वस्त संचात गुलाबी आणि जांभळे रंग आधी मान टाकतात. निऑन रंग तर कुणाचेच टिकत नाहीत.

नामांकित कंपनीच्या नावाने नकली माल येतो तेव्हा आकडा पाठ असलेला बरा. फेबर-कॅस्टेलच्या पॉलिक्रोमॉस मालिकेत एकूण रंग १२० आहेत. कुणी १६० चा संच देऊ केला तर बोलणं तिथेच संपवा. त्या पेन्सिलीवर रंगाचं नाव, क्रमांक आणि प्रकाशात टिकण्याच्या चांदण्या छापलेल्या असतात, शिसं ३.८ मिलिमीटर जाड. नवशिक्याला खरं तर २४ रंग पुष्कळ झाले. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास स्टेशनरीच्या दुकानांची रांग आहे. सुट्या पेन्सिली मिळत असतील तर तिथे आपल्या पुस्तकाचं एक फाडलेलं पान घेऊन जा आणि त्यावरच रेघ ओढून बघा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.

मार्कर ‘अल्कोहोल’ म्हणून दिले होते, निघाले पाण्याचे. कागदावर ठिपका द्या, पूर्ण वाळू द्या, वर पाण्याचा एक थेंब सोडा. रंग पसरला तर पाण्याचा मार्कर. अल्कोहोलचा सहसा हलत नाही. शिवाय पाण्याच्या मार्करच्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद रेघ उमटते. यातला विनोद असा, की मार्कर खरेच अल्कोहोलचे असते तर पाठपोट छापलेल्या त्या पुस्तकातलं मागचं चित्र पहिल्याच दिवशी गेलं असतं. अल्कोहोल मार्कर जाड कागदातूनही आरपार जातो. तो वापरायचा तर एका बाजूला छापलेलं पान आणि त्याखाली एक टाकाऊ जाड कागद, हे ठरलेलं. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवायचे, उभे ठेवले की वरचं टोक सुकतं.

राहिली जेल पेनं. ४८ मध्ये चकाकीवाली, धातूच्या झाकेची आणि निऑन मिळून निम्म्याहून जास्त, आणि मंडलात ती किती वापरणार? नळी उजेडाकडे धरा. बहुतेकांत शाई अर्ध्यापर्यंतच भरलेली होती. संख्या खरी, माल अर्धा.

स्वस्तातला दुसरा सापळा म्हणजे ‘५,००० मंडला पीडीएफ, ९९ रुपये’. त्यात बहुतेक चोरलेली चित्रं असतात, आणि ए-फोरवर स्वच्छ छापायला लागतात त्या साधारण २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलच्या जवळपासही ती नसतात. लिंकवरून पीडीएफऐवजी एपीके फाइल उतरू लागली तर ती उघडू नका, लगेच काढून टाका. ते चित्र नसून फोनमध्ये शिरणारं ॲप असतं. नीट विकत घेतलेली पीडीएफ असेल तर झेरॉक्सवाल्याला कागद सांगितल्याशिवाय प्रिंट काढू नका, नाहीतर ७५ चाच पडेल. आणि इंकजेटवर काढलेल्या प्रिंटवर पाणी लावायचं असेल तर आधी कोपऱ्यात तपासा, काळी रेषच विरघळायची.

कोथरूडच्या बाईंनी पैसे परत मागितले तेव्हा खरा धोका सुरू झाला. विक्रेत्याने फोन करून ‘रिफंडसाठी लिंक पाठवलीय, यूपीआय पिन टाका’ असं सांगितलं. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. स्क्रीन शेअर करायला सांगणं हाही त्यातलाच प्रकार. त्यांनी फोन ठेवला. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा आणि बँकेला कळवायचं.

मालाबद्दलची तक्रार वेगळी, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, क्रमांक १९१५. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, नगसंख्या, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. आयात मालावर मूळ देशही. या खोक्यावर यातलं फक्त ४,९९९ एवढंच होतं, तेही जुन्या किमतीवर चिकटवलेल्या स्टिकरवर. किंमत वाढवणारं असं स्टिकर लावायला परवानगी नाही, त्यामुळे ते सोलून न काढता फोटो घ्यायचा. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अर्जासोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची पावती, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ आणि काट्यावर ठेवलेल्या पुस्तकाचा फोटो जोडायचा. काट्यावरचा आकडा आणि पुस्तकाचं नाव दोन्ही एकाच फोटोत आले पाहिजेत.