गोखले रोडवरचं कागदाचं दुकान: घडी आणि कात्रीच्या गणितासाठी काय घ्यावं

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे दुकान बाहेरून लग्नपत्रिकांचं वाटतं. आत मात्र रिमने कागद मिळतो आणि कटिंग मशीनवर हव्या त्या मापात कापूनही मिळतो. ही दुसरी सोय फार मोलाची आहे, कारण घड्यांच्या भूमितीत कागदाचा रंग नाही, कोपरे महत्त्वाचे असतात.

काउंटरवरची 15 सेंमीची तयार रंगीत पाकिटं घेऊ नयेत. त्यातले बरेच कागद 150 बाय 151 मिमी भरतात. एका मिलीमीटरने काय होतं, ते ओरिगामीचे जपानी अभ्यासक काझुओ हागा यांच्या घडीवर लगेच कळतं. चौरसाचा खालचा उजवा कोपरा वरच्या कडेच्या मध्यावर आणून घडी दाबायची. वळलेली खालची कड डाव्या कडेला जिथे छेदते, तिथे नखाने खूण करून कागद उघडायचा. ती खूण खालून बरोबर एकतृतीयांशावर येते, पट्टी न लावता. घडी मिटलेली असताना वरच्या उजव्या कोपऱ्यात 3:4:5 बाजूंचा काटकोन त्रिकोणही दिसतो. आता कागद 151 मिमी उंच धरला, तर खूण 50.3 ऐवजी 52.1 मिमीवर पडते. म्हणजे एक मिमीची चूक घडीने पावणेदोन मिमी केली. पुढच्या घड्या याच खुणेवर बेतलेल्या असतील, तर मॉडेल शेवटी मिटतच नाही आणि मूल समजतं की आपला हात वाईट.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. एकाच गठ्ठ्यातले दोन कागद घ्या, एक काटकोनात फिरवून दुसऱ्यावर ठेवा आणि चारी कडा पाहा. नुसती कर्णावर घडी घालून तपासणं पुरेसं नाही. कोन थोडे कललेला समभुज चौकोनसुद्धा कर्णावर चपखल जुळतो, ही फसगत नेहमीची.

चांगला पर्याय म्हणजे 75 जीएसएमचा (चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) साधा झेरॉक्स कागद सांगून कापून घेणं. इथला कारागीर माप नीट लावतो, पण घाईत जाड गठ्ठा एकदम कापतो. पात्याच्या दाबाने गठ्ठ्यातले कागद किंचित सरकतात, म्हणून वरचा कागद आणि तळचा कागद एका मापाचे निघत नाहीत. पन्नास-पन्नासच्या थप्पीत कापायला सांगावं. सांगितलं तर ऐकतात, कुरकुर न करता.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने बसलेले असतात आणि दमट हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. जूनमधला चौरस ऑगस्टमध्ये तितका चौरस राहत नाही. थप्पी प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावी. तंतूंची दिशा ओळखायला कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहावा: ज्या दिशेने सहज वाकतो, त्या घडीच्या रेषेला तंतू समांतर असतात. घडी तिकडे स्वच्छ बसते.

घोटीव कागद इथे भरपूर आहे. एक बाजू रंगीत, एक पांढरी, त्यामुळे डोंगरघडी (कणा वर येणारी) आणि दरीघडी (कणा आत जाणारी) शिकवताना उपयोगी. पण वरचा थर घडीवर तडकून पांढऱ्या रेघा उठतात. पुन्हा पुन्हा उलटायच्या वस्तूंना तो अजिबात चालत नाही. आर्थर स्टोन या गणिताच्या विद्यार्थ्याने 1939 मध्ये वहीत मावावे म्हणून कागदांच्या कडा कापल्या आणि उरलेल्या पट्ट्यांतून षट्कोनी फ्लेक्सागॉन निघाला, म्हणजे मिटून उलटला की आतली लपलेली बाजू दाखवणारा घडीचा षट्कोन. त्याला झेरॉक्स कागदच हवा. 4 सेंमी रुंदीची पट्टी घेतली, तर दहा समभुज त्रिकोणांना साधारण साडेपंचवीस सेंमी लांबी लागते, म्हणजे ए-फोरमध्ये बसते. दहावा त्रिकोण चिकटवण्यासाठी.

मोबियस पट्टीसाठी, म्हणजे पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की होणाऱ्या कडीसाठी, बिलाच्या मशीनचा 57 मिमीचा रोल मागा. कडेपासून 19 मिमीवर सलग कापत गेलं, की दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या मिळतात, एक मूळ लांबीची, दुसरी दुप्पट.

एका कापात चांदणी हा या दुकानातल्या कागदाचा आणि कात्रीचा खरा कस. चौरस अर्ध्यात दुमडा आणि घडीचा मध्य हेरा. तिथून उजवी बाजू 72 अंशांच्या घडीने वर आणा, म्हणजे डावीकडे 36 अंश उघडे उरतात. तो भाग वळवून आणलेल्या भागावर उलटवा. त्याची कड 72 अंशांच्या बरोबर मधोमध आली, तरच पुढे जा. मग मधोमध मिटा. आता हातात दहा थर आहेत, जाडी जवळपास एक मिमी. चांदणीचं टोक जिथे हवं तिथे लांब कडेशी 18 अंशांचा कोन धरून कापलं तर पाच टोकांची चांदणी, कडेला काटकोनात कापलं तर पंचकोन. सरळ रेषांची कोणतीही आकृती अशी घड्या घालून एका कापात निघते, हे 1998 मध्ये एरिक डमेन, मार्टिन डमेन आणि ॲना लुबिव यांनी दाखवलं.

इथे मिळणारी मुलांची बोथट कात्री दहा थर कापत नाही, ढकलते. वरच्या आणि खालच्या थरांत फरक पडून चांदणीची टोकं लहानमोठी होतात. शिंप्याची लांब पात्याची कात्री घ्यावी, ती या दुकानात नाही. कार्डशीट तर या कामाला घेऊच नये, दहा थरांत कोनच धरला जात नाही.

संध्याकाळी सातनंतर गर्दी असते, कापून घ्यायचं असेल तर सकाळी जावं.