आर१टीला बर्फात काय घालावं: बारमाही एटी की हिवाळ्याचा वेगळा सेट?

यंदा गणपतीत आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असतानाच एका धाकट्या मित्राने मला गाठलं. आम्ही दोघंही कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उपनगरात राहतो. त्याने नुकतीच वापरलेली रिव्हियन आर१टी ही इलेक्ट्रिक पिकअप घेतली आहे, २१ इंची रिमांवर हायवेचे टायर असलेली. "दादा, एकदाच चांगले एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायर टाकतो आणि विषय संपवतो. त्यांच्यावर ते बर्फाचं चिन्ह असतं ना?"

"असतं. पण ते चिन्ह काय सांगतं ते आधी बघ," असं म्हणून मी जे सुरू केलं, ते वाटीतला शिरा गार होईपर्यंत चाललं. तेच इथे नीट लिहितो. पुढचे आकडे आर१टीचे असले, तरी हमर ईव्ही किंवा एफ-१५० लाइटनिंग अशा इतर इलेक्ट्रिक पिकअपवाल्यांनाही हिशेब हाच लागू आहे.

आधी वजन, मग नक्षी

मोठी बॅटरी आणि चार मोटरी असलेली आर१टी रिकामीच ७,१०० पौंडांच्या पुढे, म्हणजे साधारण ३,२०० किलो. माणसं, सामान, सगळं धरून कमाल परवानगी ८,५३२ पौंड, म्हणजे सुमारे ३,८७० किलो. आपण मात्र दुकानात गेल्यावर आधी नक्षी बघतो. बटन टायर दिसले की डोळे चमकतात. खरं तर ड्रायव्हरच्या दाराच्या आतला स्टिकर आधी वाचायचा असतो. माझ्या २० इंची सेटचं माप २७५/६५ आर२०, लोड इंडेक्स ११६, हवा ४८ पीएसआय. ११६ हे किलो नव्हेत, तो तक्त्यातला क्रमांक आहे. त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त १,२५० किलो पेलतो.

मागच्या वर्षी एका दुकानात काउंटरवरच्या पोराने मला पेट्रोल पिकअपसाठी खपणारं जवळपासचं माप दाखवलं. इंडेक्स कमी, किंमत कमी, "बसतात, सर, सगळे हेच टाकतात." बसतात हे खरंच. रिमवर काय, पुष्कळ काही बसतं. मी दाराचा फोटो दाखवला तेव्हा तो मॅनेजरला बोलवायला गेला. इंडेक्स दारावरच्या आकड्याच्या खाली जात असेल तर तिथेच थांबायचं, सेल कितीही मोठा असो.

दुसरा फसवा प्रकार उलट्या बाजूचा आहे. मापाच्या आधी 'एलटी' (लाइट ट्रक) असलेला टायर. त्याच २७५/६५ आर२० मापात एलटी, लोड रेंज ई घेतला तर इंडेक्स १२६ दिसतो, म्हणजे १,७०० किलो. वाटतं, वा, हा तर पैलवान. पण ते १,७०० किलो ८० पीएसआय हवेवर. ४८ वर त्याच टायरची ताकद बरीच खाली येते, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. म्हणून एलटी टाकलेत तर दारावरचा ४८ चा आकडा तसाच उचलून चालत नाही, त्या टायरचा लोड-हवेचा तक्ता बघावा लागतो. शिवाय तो जड, कडक, आणि रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) खाणारा. युटाच्या दगडगोट्यांत दर महिन्याला जात असाल तर त्याच्या जाड बाजू उपयोगी पडतील. कॉस्टको आणि स्की रिसॉर्ट एवढाच प्रवास असेल तर ती नुसती हमाली आहे.

डोंगर आणि हिमकण

आता ते चिन्ह. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. बीएफगुडरिच केओ२, फाल्कन वाइल्डपीक ए/टी३डब्ल्यू, टोयो ओपन कंट्री ए/टी ३ अशा नावाजलेल्या एटी टायरांवर ते असतं. नुसत्या 'एम+एस' (मड अँड स्नो) या शिक्क्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण एम+एस हे मुख्यतः नक्षीतल्या खाचांच्या प्रमाणावरून मिळतं, आणि डोंगर-हिमकणासाठी टायरला बर्फात चाचणी द्यावी लागते.

पण ती चाचणी कसली असते? दाबलेल्या बर्फावर वेग घेताना टायर किती पकड देतो, याची. घसरड्या उतारावर गाडी किती अंतरात थांबते, चकचकीत गोठलेल्या वळणावर ती धरून राहते का, हे त्या चिन्हात येत नाही.

आणि इलेक्ट्रिक ट्रकवाल्याची नेमकी इथेच फसगत होते. चार मोटरी मिलिसेकंदांत चाकाचा जोर जुळवतात, त्यामुळे चढावर शेजारची सेडान चाकं फिरवत बसलेली असताना आपण सुळकन वर जातो. आत्मविश्वास वाढतो. उतरताना मात्र मोटरींची संख्या कामाची नाही. मोटरीने ब्रेक लावला काय किंवा पायाने, जोर शेवटी त्याच रबरातून रस्त्यावर उतरतो. उलट गुळगुळीत बर्फावर ॲक्सिलरेटरवरून पाय अचानक उचलला तर मोटरीचा ब्रेकच चाकांना घसरवू पाहतो.

विंटर टायरचा फरक मुळात रबरात आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या, इथल्या बोलीत ४५ फॅरनहाइटच्या, खाली साधं रबर कडक व्हायला लागतं. जानेवारीतल्या एका सकाळी, पारा शून्याच्या बराच खाली असताना, मी गॅरेजबाहेर दोन्ही सेट शेजारी ठेवून नख लावून बघितलं. एटीच्या नक्षीचा ठोकळा प्लास्टिकच्या पाटासारखा, नख घसरलं. विंटरच्या ठोकळ्यात नख रुतलं, आणि अंगठ्याने रेटल्यावर त्यातल्या केसाएवढ्या बारीक चिरा उघडल्या. बर्फावर त्याच चिरांच्या कडा पकड धरतात. एटीवरही चिरा असतात, पण कमी, आणि त्यांचे मोठे ठोकळे चिखल नि दगडासाठी केलेले.

विंटर टायर ही कल्पनाच फिनलंडच्या नोकियनची. १९३४ साली त्यांनी पहिला काढला, आणि तोसुद्धा ट्रकसाठी. दोन वर्षांनी हक्कापेलिट्टा आला, ते नाव आजही चालू आहे. त्यात आता खास इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या आवृत्त्या निघतात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक आणि मिशेलिनचा एक्स-आइस स्नो हे बाकीचे दोन ठळक पर्याय. मात्र मॉडेल आवडलं म्हणजे आपल्या मापात आणि ११६ किंवा वरच्या इंडेक्सात मिळेलच असं नाही. आधी इंडेक्सची चाळणी, मग ब्रँडची आवड.

खिळ्यांच्या टायरांना कोलोरॅडोत मनाई नाही, पण डेन्व्हरमध्ये रात्री फूटभर पडलेला बर्फ उन्हाने दोन दिवसांत वितळतो. मग आठवडाभर कोरड्या काँक्रीटवर खडखड करत फिरायचं. नको.

कायदा काय म्हणतो

डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकांच्या पकडीचा, नियम लागू असतो. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला नक्षीची खोली किमान ३/१६ इंच असली तर चालतं. म्हणजे कायद्यापुरते दोन्ही सेट पास. पण गोटा झालेले टायर घेऊन घाटात अडकलात आणि रस्ता अडवलात, तर दंड ६५० डॉलरच्या पुढे जातो. आणि ३/१६ ही कायद्याची किमान मर्यादा आहे, आरामाची नव्हे. जड गाडी टायर लवकर खाते, त्यामुळे तिसऱ्या हिवाळ्यात तुमचे 'बारमाही' एटी या रेषेच्या बरेच जवळ आलेले असू शकतात. दोन सेट आलटून पालटून वापरले तर दोन्ही तेवढेच जास्त टिकतात. दुसऱ्या सेटच्या रिमांच्या खर्चाचा काही भाग इथेच भरून निघतो, हे लोक धरतच नाहीत.

रेंजचा हिशेब

२१ इंची हायवे टायरांवर पहिल्या आर१टीची अधिकृत रेंज ३१४ मैल होती. २० इंची एटीवर कंपनीच्याच अंदाजाने १० ते १५ टक्के कमी. पैशात बघितलं तर हे फार नाही. वर्षाला १२,००० मैल, युनिटमागे साधारण २ मैल, घरची वीज १५ सेंट धरली, तर बारा टक्क्यांचा फरक वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास. तेवढ्यासाठी कोणी टायर बदलू नये.

खरी अडचण मैलांची आहे. थंडीने रेंज आधीच खाल्लेली, वर घाटाचा चढ, आयझेनहॉवर बोगदाच ११,१५८ फुटांवर. त्यात एटीची कपात. विंटर टायरही रेंज खातात, मऊ रबर फुकट मिळत नाही. पण ते नोव्हेंबर ते मार्च. एटी मात्र जुलैत नेब्रास्काच्या सपाट रस्त्यावरही तेवढीच खात राहते. पाच महिन्यांच्या बर्फासाठी बारा महिने भुर्दंड, हे मला पटत नाही.

आवाजाचं एका ओळीत: इंजिन नसल्यामुळे एटीची घूं-घूं लपायला जागाच नाही, सासूबाई मागे बसल्या तर विचारतातच.

मग कोणी काय घ्यावं

माझा कौल लपवत नाही. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा किंवा जास्त घाट चढत असाल, तर उन्हाळ्याला हायवे टायर आणि हिवाळ्याला स्वतःच्या रिमांवर बसवलेले विंटर. वेगळी रिम घ्याच, नाहीतर वर्षातून दोनदा टायर उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीत जीव जातो. चाकं घरी बदलणार असाल तर जॅक या वजनाचा हवा, सेडानचा जुना जॅक याच्याखाली सरकवू नका.

शहरातच फिरता, बर्फ पडला की घरून काम करता, आणि उन्हाळ्यात युटातल्या मोआबच्या मातीत जायची हौस आहे? मग डोंगर-हिमकणवाले एटी, एलटी नसलेले, पुरे. फक्त उतारावर अंतर दुप्पट ठेवायचं.

दोन्ही हौशी असलेल्यांनी एटी अधिक विंटर, दोन्ही २० इंची, असं करावं. त्याचा एक बारीक फायदा आहे. २७५/६५ आर२० चा व्यास २१ इंची सेटच्या २७५/५५ पेक्षा इंचाहून जास्त. दोन वेगळ्या मापांचे सेट ठेवले तर एकाच मापाची स्टेपनी अर्धं वर्ष विजोड ठरते. दोन्ही २० इंची असले तर बाराही महिने जुळते.

मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दादा, तू स्वतः पहिल्या वर्षी काय केलं होतंस?"

एटी टाकले होते. मार्चमध्ये बर्थूड पासवरून खाली उतरताना एका वळणाआधी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएस थरथरलं, आणि गाडी तशीच शांतपणे पुढे जात राहिली. कठडा यायच्या आत थांबली. बायको काही बोलली नाही, फक्त विंटर पार्कला पोचल्यावर तिने फोनवर टायरचं दुकान उघडून माझ्या हातात दिलं. तोवर सीझन संपत आला होता आणि आमच्या मापात एकही सेट शिल्लक नव्हता. त्यामुळे तू ऑर्डर या महिन्यातच दे, दिवाळीपर्यंत थांबू नकोस.