रंगाच्या आत मॅटच नव्हती: फायबर गाडीच्या दुरुस्तीत गेलेले ८५,००० रुपये

मराठवाड्यात फायबर बॉडीची जुनी गाडी सांभाळणारी माणसे फार थोडी आहेत आणि ते काम जाणणारे कारागीर त्याहून थोडे आहेत. याच अडचणीचा फायदा घेऊन एका कार्यशाळेच्या मालकाने माझ्याकडून ८५,००० रुपये उकळले. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी तरी सावध व्हावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

माझी गाडी १९८४ सालची सिपानी डॉल्फिन आहे. ब्रिटनच्या रिलायंट किटनवरून बंगळूरमध्ये तयार झालेली, ८४८ सीसी इंजिनाची आणि पत्र्याऐवजी फायबरच्या बॉडीची ही दोन दारांची गाडी माझ्या वडिलांनी परभणीत अखेरपर्यंत जपली. उसाची ट्रॉली मागे घेताना तिच्यावर आदळली आणि बॉनेटचा कोपरा तुटला, तर डाव्या पुढच्या चाकावरचा भाग आडवा चिरला. आमच्याकडचे डेंटिंग-पेंटिंगवाले पत्र्याच्या कामात तरबेज आहेत. फायबर म्हटल्यावर सर्वांनी हात वर केले. तेव्हा एका औद्योगिक वसाहतीत 'सर्व प्रकारचे फायबर काम' असा फलक लावून बसलेल्या या माणसाचे नाव पुढे आले.

पुढचा क्रम वाचकांना ओळखीचा वाटेल. आधी ३०,००० रुपये आगाऊ घेतले. मग बॉनेट दुरुस्त होण्यासारखे नाही, बंगळूरच्या एका जुन्या साठ्यातून नवे मागवतो, असे सांगून २५,००० रोख घेतले. त्यानंतर रेझिन (तंतूंना घट्ट धरून ठेवणारा चिकट द्रव) आणि मॅट (काचतंतूंची चटई) यांसाठी १८,५०० आणि शेवटी रंगासाठी ११,५०० घेतले. गाडी उचलून नेण्या-आणण्याचे ७,२०० वेगळे गेले, ते मी या हिशेबात धरलेले नाहीत. रोख रकमेची पावती 'सगळे मिळून देतो' या शब्दावर राहिली. रोख मागणाऱ्याला पावती हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

१८,५०० रुपये दिले त्या दिवशीचे दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. फायबरचे खरे काम जेथे चालते तेथे रेझिनचा उग्र वास दारातच नाकात शिरतो, कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. त्या शेडमध्ये वास होता तो फक्त थिनरचा. कोपऱ्यात पुट्टीचे डबे होते, पॉलिश पेपर होता. मॅटचा गुंडाळा कोठेही नव्हता, रेझिनचा कॅन नव्हता, रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटलीही नव्हती. मी विचारले नाही असे नाही. "साहेब, मॅटला ओल लागली की काम बिघडते, म्हणून ती आतल्या खोलीत ठेवतो," असे त्याने सांगितले. मॅट कोरडी ठेवावी लागते हे खरेच आहे आणि म्हणूनच ते उत्तर मला पटले. त्याच्या थापेत एवढे खरे मिसळलेले होते की माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी त्यालाही ते पटले असते. तरीही त्या आतल्या खोलीचे दार मी उघडायला लावले असते तर निदान शेवटचे ३०,००० वाचले असते, हा विचार मला झोपू देत नाही.

गाडी घरी आली तेव्हा आरशासारखी चमकत होती. उन्हाळा चढला आणि चाकावरचा रंग जुन्या चिरेच्याच रेषेत फाटला. जाणकार कारागीर शोधून तो भाग उघडून घेतला, तेव्हा आत बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्याखाली मूळ चीर जशीच्या तशी होती. जे 'नवे' बॉनेट २५,००० रुपयांना बसवले होते, त्याच्या खालच्या बाजूला वडिलांनी कडी बसवण्यासाठी पाडलेली दोन छिद्रे पुट्टीने बुजवलेली सापडली. आमचेच बॉनेट रंगवून आम्हालाच विकले होते.

खरी दुरुस्ती कशी होते हे आता सांगणे माझे कर्तव्य आहे. चिरेभोवतीचा रंग काढून तुटलेले तंतू घासून टाकावे लागतात, कडा लांबवर उतरत्या कराव्या लागतात आणि शक्यतो आतल्या बाजूने मॅटचे एकावर एक थर रेझिनमध्ये भिजवून चढवावे लागतात. ताकद त्या काचतंतूंत असते. पुट्टी फक्त शेवटी, पृष्ठभाग सारखा करण्यापुरती पातळ लावायची असते. भेग सांधण्याची शक्ती तिच्यात नसते. हार्डनर साधारणतः रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के घालतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बेतानेच घालावा लागतो, कारण मिश्रण हातातच घट्ट होऊ लागते. ज्याला हे प्रमाण विचारल्यावर सांगता येत नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका. पत्र्याच्या गाडीतली पुट्टी आपण लोहचुंबक लावून ओळखतो, तो उपाय येथे चालत नाही. नाण्याने हलके ठोकत जावे आणि आवाज जेथे बसका येईल तेथे संशय घ्यावा. रंग चढण्यापूर्वी भाग आतून आणि बाहेरून पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, मग कारागीर कितीही नाराज होवो.

एवढे पुरावे घेऊन मी पोलिसांकडे गेलो. घराजवळच्या ठाण्यात प्रकार आमच्या हद्दीत घडला नाही असे सांगितले गेले. कार्यशाळेच्या हद्दीतील ठाण्यात हा दिवाणी वाद आहे असे सांगितले गेले. वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यायची असते आणि फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे. हे मी दाखवले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने कागद न वाचताच मला विचारले, "एवढ्या जुन्या गाडीची किंमत ती काय?" प्रश्न गाडीच्या किमतीचा नव्हता. नव्या बॉनेटचे पैसे घेऊन जुनेच बॉनेट दिले, हा प्रश्न होता. त्याच्या फलकावरील जीएसटी क्रमांकात १५ ऐवजी १४ च अक्षरे आहेत हे मी संबंधित कार्यालयात दाखवले. तुमचे पैसे मिळवून देणे आमच्याकडे येत नाही, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. मी तेथे पैसे मागायला गेलोच नव्हतो. खोट्या क्रमांकाचा फलक आजही त्याच दारावर आहे, त्याखालून आजही गाड्या आत जात आहेत आणि तो उतरवणे आपले काम आहे असे एकाही कार्यालयाला वाटत नाही. आरटीओत तर खासगी व्यवहाराशी आमचा संबंध नाही, हे एकच वाक्य ऐकावे लागले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली गेली, पण कार्यशाळेच्या मालकाने तिला उत्तरही दिले नाही.

कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी अर्ज पाठवला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. हे मला पोलिसांनी सांगितले नाही, स्वतः शोधावे लागले. ग्राहक आयोगाकडे केलेल्या तक्रारीत मी पूर्ण ८५,००० रुपये आणि फेरदुरुस्तीचे ३८,००० रुपये मागितले आहेत. बॉनेटची खालची बाजू आणि पुट्टीचे तुकडे छायाचित्रांसह जपून ठेवले असून, निकाल लागेपर्यंत त्या बॉनेटला रंगाचा हात लावू देणार नाही.