ओमाराचं एजंट रजिस्टर: फुकट आहे, कामाचंही आहे, पण पुरेसं नाही

ऑस्ट्रेलियात मायग्रेशन एजंटांची नोंदणी आणि शिस्त बघणारं कार्यालय म्हणजे ओमारा, तिथल्या गृह खात्याचाच भाग. त्यांचं एजंटांचं रजिस्टर ऑनलाइन कुणालाही फुकट पाहता येतं. व्हिसा रद्द करण्याची नोटीस हातात पडली की कुणालाही पहिला डॉलर देण्याआधी ते उघडावं. फक्त त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, याचा हिशेब ठेवावा लागतो.

शोध नावाने, फर्मने, ठिकाणाने किंवा एमएआरएनने घेता येतो. एमएआरएन म्हणजे एजंटाचा ७ आकडी नोंदणी क्रमांक. तो मागून घ्यावा आणि त्यानेच शोधावं. आडनावाने शोधलं तर एकाच नावाचे ढीगभर निघतात. नोंदणी माणसाची असते, ऑफिसची नव्हे. नेहमीचा घोळ इथेच होतो: पाटीवरचा क्रमांक खरा, पण तो मालकाचा, आणि सल्ला देतो काउंटरवरचा कुणीतरी. नोंदणी दर १२ महिन्यांनी नवी करावी लागते, त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या प्रमाणपत्राला काही किंमत नाही.

आता उणिवा. पहिली बऱ्याच जणांना माहीतच नसते. मार्च २०२१ पासून पूर्ण सनद असलेल्या वकिलांना ओमाराची नोंदणी लागत नाही. म्हणजे व्हिसा रद्द होण्याच्या प्रकरणांत मुरलेला वकील या यादीत सापडणारच नाही आणि लोक त्याला बोगस समजून बसतात. त्याचं नाव त्या त्या राज्यातल्या वकिलांच्या नोंदवहीत शोधायचं. दुसरी उणीव आपल्याकडची: ऑस्ट्रेलियाबाहेर बसून सल्ला देणाऱ्याला ही नोंदणी सक्तीची नाही. पुण्यातला किंवा ठाण्यातला कन्सल्टंट यादीत नसला तरी त्याने तिथला कायदा मोडला असं होत नाही, पण त्याच्याविरुद्ध ओमाराकडे दादही मागता येत नाही. 'सरकारमान्य' म्हणून परदेशी नोकरभरतीचा परवाना दाखवला, तर त्याचा व्हिसाच्या सल्ल्याशी संबंध नाही. तिसरं म्हणजे, नोंदणी रद्द झालेला एजंट रजिस्टरमधून नाहीसाच होतो. तो का गेला, हे शिस्तभंगाच्या निर्णयांच्या वेगळ्या पानावर पाहावं लागतं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र ही की एजंटाला नेमकं काय जमतं ते रजिस्टर सांगत नाही. विद्यार्थी व्हिसाचे अर्ज भरणं वेगळं आणि रद्द होणारा व्हिसा वाचवणं वेगळं. याची परीक्षा पहिल्या भेटीतच होते. जाणकार माणूस आधी नोटीस मागतो, तिची तारीख आणि उत्तराची मुदत बघतो, मग व्हेवोवर, म्हणजे खात्याच्या ऑनलाइन व्हिसा-तपासणी सेवेवर, व्हिसाच्या अटी तपासतो. विद्यार्थ्याचा कळीचा प्रश्न बहुधा अट ८२०२ चा असतो, म्हणजे प्रवेश आणि अभ्यासातली प्रगती. नाहीतर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त केलेल्या कामाचा. तिथल्या मायग्रेशन कायद्याच्या कलम ११६ खाली अधिकारी दोन गोष्टी बघतो: रद्द करायला कारण आहे का, आणि असलं तरी रद्द करावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजारपणाची कागदपत्रं, कॉलेजची पत्रं, घरच्यांवर होणारा परिणाम यांवर उभं राहतं. नुसतं 'माफ करा' लिहिणारं पत्र इथे वाया जातं.

व्हिसा रद्द झालाच, तर ऑक्टोबर २०२४ पासून अपील प्रशासकीय पुनर्विचार न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एआरटीकडे जातं. मुदत साधारण २८ दिवस, इमिग्रेशनच्या कोठडीत असाल तर ७. ईमेल पाठवला त्याच दिवशी मिळाला असं धरतात. तुम्ही तो कधी उघडला याला अर्थ नाही. मुदत चुकली तर न्यायाधिकरणालाही ती वाढवता येत नाही. फी साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. आर्थिक अडचण दाखवली तर ती निम्मी होऊ शकते. कलम ५०१ खालची, म्हणजे चारित्र्याची प्रकरणं निराळ्या वाटेने आणि निराळ्या मुदतीत चालतात, ती थेट वकिलाकडेच न्यावीत. 'अपील सोडा, नवा व्हिसा टाकू' असं कुणी म्हटलं, तर कलम ४८ चं काय, एवढं विचारावं. देशात असताना व्हिसा रद्द झालेल्याला तिथूनच फार थोडे व्हिसा मागता येतात, बाकी अर्ज ग्राह्यच धरले जात नाहीत.

नोंदणीकृत एजंटाने काम सुरू करण्याआधी फी आणि कामाचा लेखी करार द्यावा लागतो. एजंट नेमल्याचं खात्याला कळवणाऱ्या ९५६ क्रमांकाच्या फॉर्मवर त्याचं नाव असावं. खात्याची पत्रं त्याच्याकडे जाणार असतील, तर प्रत्येकाची प्रत त्याच दिवशी पाठवायची असं करारात घालून घ्यावं, नाहीतर २८ दिवस त्याच्या इनबॉक्समध्येच संपतात. निकालाची हमी देणारा एजंट आचारसंहिता मोडतो, तिथूनच उठावं.

तक्रार करायला पैसे पडत नाहीत. ओमारा एजंटाला ताकीद देऊ शकतं, निलंबित करू शकतं, नोंदणी काढून घेऊ शकतं. पण व्हिसाचा निर्णय फिरवणं किंवा तुमची फी परत मिळवून देणं त्यांच्या हातात नाही. फीसाठी त्या राज्याच्या ग्राहक न्यायाधिकरणाचं दार वेगळं ठोठवावं लागतं, आणि तिथे लेखी करार व पावत्याच कामी येतात.